लाकडी प्रोपेलर करायला घेताय? आधी मुंबईच्या हवेतलं पाणी मोजा

माझा पहिला प्रोपेलर मी जुलैत चिकटवला. भांडुपच्या गाळ्याबाहेर पाऊस कोसळत होता आणि आत मी खुशीत क्लॅम्प आवळत होतो. दिवाळीनंतर बघितलं तर मधल्या हबमधून, म्हणजे दोन पाती जिथे जुळतात त्या जाड भागातून, आरपार घातलेले बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते. नट कुणी सोडले नव्हते, लाकूडच आकसलं होतं. कॅलिपर लावला, तर साठ मिलिमीटरची जाडी एकोणसाठ भरली. वडील ओतशाळेत पॅटर्नमेकर होते, आयुष्यभर बिडाच्या ओतकामासाठी लाकडाचे साचे घडवलेले. त्यांनी प्रोपेलर हातात घेऊन फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, "लाकूड तू वाळवलंस, की दुकानदार म्हणाला वाळलंय म्हणून वाळलं?"

तेव्हापासून मी या कामाची सुरुवात करवतीपासून करत नाही, वजनकाट्यापासून करतो. तुम्हीही तशीच करा.

आधी एक लक्ष्मणरेषा

इथे सांगतोय तो प्रोपेलर शिकण्यासाठी आहे. भिंतीवर लावा, बॅलन्सरवर फिरवा, मित्रांना दाखवा. माणूस बसणाऱ्या कुठल्याही यंत्राला तो लावायचा नाही, आणि इंजिनावर किंवा मोटरवर "जरा फिरवून बघू" हेही नाही. नोंदणी झालेल्या विमानाचा प्रोपेलर प्रमाणित असावा लागतो. त्याची दुरुस्ती डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेली संस्था करते आणि देखभालीवर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. ही नुसती कागदपत्रांची कटकट नव्हे. १.८ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २५०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाला असलेला एक ग्रॅम सहा किलोहून जास्त जोराने बाहेर ओढला जातो. एक ग्रॅम म्हणजे व्हॉर्निशचे दोन-चार ओघळ. आता तिथे गाठीशी चिरलेलं लाकूड असेल तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

पंखा की पंख?

बोलताना आपण पंखा म्हणतो, पण घरच्या छताच्या पंख्याचं पातं बुडापासून टोकापर्यंत जवळपास एकाच कोनात असतं. प्रोपेलरचं पातं पिळलेलं असतं. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानासाठी प्रोपेलर करताना जहाजाच्या स्क्रूचा विचार सोडला आणि हा फिरणारा विमानपंख आहे असं धरलं. स्प्रूसच्या फळ्या चिकटवून, हाताने तासून केलेले ते साडेआठ फुटी प्रोपेलर आजच्या मोजमापातही चांगले ठरतात.

पीळ का लागतो? एका फेरीत पात्याचं टोक मोठं वर्तुळ कापतं, बुडाजवळचा भाग लहान. पुढे मात्र दोघांना सारखंच सरकायचं असतं. या सरकण्याला पिच म्हणतात. म्हणून बुडाशी कोन उभा आणि टोकाशी निजलेला. हिशोब शाळेतलाच आहे: पिचला त्या जागेच्या वर्तुळाच्या परिघाने भागा, येईल तो कोनाचा टॅन.

आपण १ मीटर व्यास आणि ६०० मिमी पिच धरू. मध्यापासून १५० मिमीवर कोन ३२.५ अंश येतो, २०० वर २५.५, ३०० वर १७.७, ४०० वर १३.४ आणि ४७५ वर ११.४. पात्याची रुंदी त्याच क्रमाने ८२, ८५, ८०, ६५ आणि ४५ मिमी ठेवा. १५० च्या आतला भाग हबमध्ये हळूहळू मिसळू द्या. हे आकडे मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. मोबाइलवर ठेवलेत तर भुशाने भरलेल्या बोटांनी स्क्रीन उघडत बसाल.

लाकूड आणणं आणि वाळवणं

परदेशात बर्च, मेपल, अक्रोड, महोगनी, ॲश, बीच ही नेहमीची लाकडं. आपल्याकडे रे रोडच्या लाकूडबाजारात महोगनी, स्टीम बीच आणि ॲश मिळण्याची शक्यता चांगली. सागवानाचा मोह होईल, कारण हात त्याला सरावलेला असतो. पण सागात तेल असतं आणि चिकट धरताना ते आडवं येतं. बीच कठीण आणि एकसारखं, मात्र ओलाव्याने फुगण्या-आकसण्यात अव्वल. माझा तो जुलैचा प्रताप बीचचाच होता. पहिल्या खेपेला महोगनी घ्या, ती हवेला त्यातल्या त्यात कमी दाद देते.

फळी निवडताना रंगाकडे बघू नका, कडेला डोळा लावून लाकडाच्या तंतूंची रेषा बघा. विमानाच्या लाकडाचा जुना दंडक असा की १५ सेंटीमीटर लांबीत रेषा १ सेंटीमीटरपेक्षा जास्त तिरकी जाता कामा नये. डोळा फसत असेल तर फळीच्या टोकाचा तुकडा मागून घ्या आणि पटाशी ठोकून तो फोडा. लाकूड जसं फुटेल तीच खरी रेषा. दुकानातला माणूस तोंड वाकडं करेल, करू द्या. गाठ, राळेची पोकळी किंवा आडवी बारीक चीर दिसली तर ती फळी देव्हाऱ्याला उत्तम, आपल्याला नको.

आता खरी गोष्ट. पावसाळ्यात मुंबईच्या उघड्या हवेत ठेवलेलं लाकूड साधारण १७-१८ टक्के ओलाव्यावर जाऊन थांबतं, जानेवारीत तेच ११-१२ वर येतं. आपल्याला ८ ते १२ च्या मधलं हवं. म्हणून चिकटवण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. त्याआधी फळ्यांना महिना-दीड महिना एसी चालणाऱ्या खोलीत, पलंगाखाली, मध्ये काड्या घालून रचून ठेवा. घरच्यांची बोलणी खावी लागतील, ती खर्चात धरा. फळ्यांच्या टोकांना मेण किंवा रंग फासा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात.

ओलावामापक यंत्र नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात विचारा. नसलं तरी अडत नाही. त्याच फळीचा छोटा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. समजा ५८ ग्रॅम भरला. मग ओव्हनमध्ये १०० अंशांच्या किंचित वर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. शेवटी ५२ ग्रॅम राहिला तर ६ ग्रॅम पाणी गेलं. सहाला बावन्नने भागलं की साडेअकरा टक्के. चालेल. १५ आले तर फळ्या पलंगाखाली परत.

जुहूचं विमानतळ १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. पण पावसाळ्यात ते मैदान पाण्याने भरायचं म्हणून टपालाची ती सेवा त्या महिन्यांत पुण्याला हलवावी लागे. या शहरात पाण्यापुढे विमानांनीही माघार घेतली आहे, तिथे आपल्या फळीची काय कथा!

चिकटवणं

१२ मिमी जाडीच्या पाच फळ्या, प्रत्येकी १०२० मिमी लांब आणि ९० मिमी रुंद. एका जाड ठोकळ्यातून कोरणं सोपं वाटतं, पण ठोकळा वाकला की सगळा वाकतो. पाच फळ्या एकमेकींची वाकडी खोड दाबून धरतात.

रंधा मारून झाला की प्रत्येक फळी मधोमध धारेवर टेकवा आणि जड टोकाला पेन्सिलीने "ज" लिहा. रचताना एका फळीचा ज डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे बॅलन्स करताना अर्धा दिवस वाचतो.

पूर्वी सरस उकळून लावत. दमट हवेत सरस सुटतो. सुतार रोज वापरतात तो पांढरा गोंद कपाटाला ठीक, पण सतत ताण असला की तो हळूहळू सरकतो, म्हणून इथे बाद. खऱ्या प्रोपेलरला रिसॉर्सिनॉल जातीचं किंवा मान्यताप्राप्त इपॉक्सी चिकट वापरतात. आपण संथ घट्ट होणारं इपॉक्सी घेऊ. बत्तीस अंशांच्या दुपारी कपात कालवलेलं इपॉक्सी बघता बघता तापतं आणि कपातच दगड होतं. त्यामुळे पहाटे काम करा, थोडं थोडं कालवा आणि कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओता. दोन्ही पृष्ठभागांना लावा. क्लॅम्प अतोनात आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर पिळून निघालं तर सांधा उपाशी राहतो. कडेने सगळीकडे बारीक मणी दिसले की पुरे. ओल्या फळ्या माशासारख्या निसटतात, म्हणून पुढे कापून जाणार आहे त्या कोपऱ्यात दोन लाकडी खुंट्या आधीच ठोकून ठेवा. त्यानंतर आठवडाभर हात लावायचा नाही.

कोरण्याआधीचं भोक

मधलं भोक सगळ्यात आधी पाडायचं, उभ्या ड्रिल मशीनवर, काटकोनात. पुढची सगळी मापं त्याच्यापासून घ्यायची असतात. पाती कोरून झाल्यावर भोक पाडायला गेलात तर धरायला सपाट जागाच उरत नाही. मग ते अर्धा अंश तिरकं गेलं की टोकं एका पातळीत येत नाहीत. ठोकळ्याच्या मागच्या, म्हणजे वैमानिकाकडे असणाऱ्या बाजूवर मध्यरेषा आणि सगळी ठाणी, म्हणजे मध्यापासून १५०, २००, ३००, ४०० आणि ४७५ मिमीच्या मापाच्या जागा, आखा, गुण्या लावून कडांवरही उतरवा.

पाती कोरणं

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक सांगतो, कारण मी स्वतः एका चांगल्या ठोकळ्याची तशी वाट लावली आहे. दोन पाती एकमेकांची आरशातली प्रतिमा कोरली जातात. दिसायला छान, पण एक पातं हवा मागे लोटणार आणि दुसरं पुढे. म्हणजे नुसता भोवरा.

उपाय सोपा आहे. वैमानिकाच्या जागेवरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा प्रोपेलर करायचा असेल तर ठोकळा मागची बाजू वर करून बाकावर ठेवा. कायम फक्त तुमच्या उजव्या हाताकडचं पातं कोरा. खोल काप तुमच्या अंगाकडच्या कडेला येईल, ती पुढची धार. पलीकडची कड वरच राहील. दुसऱ्या पात्यासाठी ठोकळा उलटा करू नका, बाकावरच अर्धा फिरवून घ्या. दुसरं पातं उजवीकडे येईल आणि खोल काप पुन्हा तुमच्याच बाजूला. हे जमलं की चूक होत नाही.

आधी मागची सपाट बाजू. ३०० मिमीच्या ठाण्यावर पातं ८० मिमी रुंद आणि कोन १७.७ अंश. वरून बघताना ते ७६ मिमी दिसेल आणि पलीकडच्या कडेपासून अंगाकडच्या कडेपर्यंत २४ मिमी उतरेल. कडेवर तो बिंदू आखून करवतीने तिरका काप घ्या, खुणेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबा. असे काप दर दोन-अडीच सेंटीमीटरवर. मग पटाशीने मधल्या ढलप्या उडवा, नेहमी जाड बाजूकडून टोकाकडे. पटाशी रेषेत घुसायला लागली की लगेच दिशा बदला. राहिलेला एक मिलिमीटर रंधा आणि कानशीने काढा. पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे त्रिकोणी साचे करून प्रत्येक ठाण्यावर लावा, मागे टॉर्च धरा, फटीतून उजेड आला की कुठे जास्त आहे ते कळतं. वडील म्हणायचे, साचा लाकडाला लावू नको, लाकूड साच्याला लाव. साच्याचं बूड बाकावर पक्कं टेकलेलं हवं असा त्याचा अर्थ, हे मला फार उशिरा कळलं.

चिकटवलेल्या लाकडाचा इथे एक फायदा होतो. पातं उतरत जातं तशा फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा नकाशातल्या उंचीरेषांसारख्या उमटतात. दोन्ही पात्यांवर त्या सारख्या वळल्या असतील तर आकार सारखा आहे. एकीवर रेषा पोटात गेली असेल तर तिथे खड्डा झालाय, साचा लावायच्या आधीच डोळ्याला दिसतो.

मागची बाजू पूर्ण झाल्यावरच पुढची फुगीर बाजू. सगळ्यात जाड जागा पुढच्या धारेपासून साधारण एक तृतीयांशावर. २०० मिमीवर जाडी १७, ३०० वर १२, ४०० वर ८ आणि टोकाजवळ ५. मागची धार कागदासारखी करू नका, दीड मिलिमीटर ठेवा. पातळ धार मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात लाटांसारखी वळते.

बॅलन्स करताना फॅन बंद

काचेच्या दोन पट्ट्या समपातळीत, कडेवर उभ्या, वर गुळगुळीत स्टीलची सळई, सळईवर प्रोपेलर. तो आडवा ठेवून सोडा. जे पातं खाली जाईल ते जड. मेच्या उकाड्यात काम केलंत तर छताचा फॅन आठवणीने बंद करा. एकदा दीड तास मी एकाच पात्याला पॉलिश पेपर मारत बसलो होतो, आणि ते पातं खाली दाबत होता तो फॅनचा वारा.

पॉलिश पेपरने जड पात्याची फुगीर बाजू थोडी थोडी उतरवा, जाडीचं माप सोडू नका. आडवा स्थिर राहिला की उभा करून बघा. उभ्यात झुकत असेल तर दोष पात्यात नाही, हबच्या एका कुशीत वजन जास्त आहे. शेवटचा बारीकसा फरक लाकडाने नको, व्हॉर्निशने काढा, हलक्या पात्याच्या टोकाला एक हात जास्त. टोकं एका पातळीत आहेत का तेही बघा. बाकावर खूण करून एक टोक तिथून न्या, मग दुसरं. ३ मिमीपेक्षा जास्त तफावत नको.

व्हॉर्निश पॉलियुरेथेनचं, पातळ चार-पाच हात, दोन हातांमध्ये घासून. कोरड्या दिवशी. हबचं भोक आणि बोल्टची भोकं आतूनही रंगवा. सगळे बाहेर चकाकी आणतात आणि आतली उघडी टोकं विसरतात. पाणी तिथूनच शिरतं.

खऱ्या प्रोपेलरची देखभाल

विमानांवर आता बहुतेक ठिकाणी धातू किंवा कॉम्पोझिट आहे. पण मायक्रोलाइट, मोटर ग्लायडर आणि जपलेल्या जुन्या विमानांवर लाकूड अजून चालतं. ते हलकं असतं आणि इंजिनाची थरथर पिऊन घेतं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या सुरुवातीच्या नगांवरही दोन पात्यांचे लाकडी प्रोपेलर होते. हँगरमध्ये मदतनीस म्हणून गेलात तर पुढचं उपयोगी पडेल.

हात लावण्याआधी इग्निशन बंद आणि चावी बाहेर. तरीही तो कधीही फिरेल असं धरूनच उभे राहा. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोची तार तुटलेली असली तर बंद स्विचसुद्धा खोटं बोलतो.

विमान उभं करताना प्रोपेलर नेहमी आडवा ठेवा. उभा ठेवला तर ओलावा खालच्या पात्यात उतरतो आणि चार दिवसांनी उडताना हादरे बसतात. दमट किनाऱ्यावर ही सवय आधी लावून घ्या.

त्यानंतर बोल्ट. लाकडी हबमध्ये इंजिनाची ताकद मुख्यतः दाबातून आणि घर्षणातून जाते. बोल्ट सैल झाले की हब फ्लँजवर, म्हणजे इंजिनाच्या ज्या धातूच्या चकतीला ते आवळलेलं असतं तिच्यावर, घासतं, तापतं, लाकूड काळं पडतं आणि भोकं लंबगोल होतात. पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी आणि पुढे दर ५० तासांनी टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळलेत ते, तपासायची प्रथा आहे. त्या त्या प्रोपेलरच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं. मुंबईसाठी माझी भर: ऑक्टोबर सरला आणि हवा कोरडी पडायला लागली की तास मोजू नका, बोल्ट तपासा. विमान मुंबईतून कोरड्या मुलखात नेलं तरी तेच. आवळताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, टॉर्क रेंचनेच. अंदाजाने जोर लावला तर वॉशर लाकडात रुततो, आणि दबलेलं लाकूड पुन्हा वर येत नाही.

पुढच्या धारेवर पितळेचा पत्रा असेल तर त्याच्या टोकाशी सुईच्या जाडीची भोकं दिसतील. ती चुकून पडलेली नाहीत, आत शिरलेलं पाणी फिरताना तिथून बाहेर फेकलं जावं म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात. रंगाने ती बुजली की पत्र्याखाली लाकूड कुजतं आणि बाहेरून काही कळत नाही. पत्र्यावर नखाने टिचकी मारत जा. आवाज बदलला तर इंजिनिअरला हाक मारा. पत्र्याचा एखादा स्क्रू डोकं वर काढत असेल तरीही.

धूळ, किडे आणि समुद्राच्या खारट वाऱ्याचा थर ओल्या मऊ फडक्याने पुसा आणि लगेच कोरड्याने. पाण्याचा पाइप लावू नका. व्हॉर्निश उडालेली जागा त्याच दिवशी दाखवा. रेषेच्या आडवी चीर, हबच्या बोल्टच्या भोकातून निघालेली चीर किंवा सांधा उघडलेला दिसला तर विमान तिथेच थांबतं, त्यावर चर्चा नाही. गवताला किंवा कुठे टोक लागलं असेल तर प्रोपेलर साबूत दिसला तरी इंजिनाचीही तपासणी होते. आणि विमान ढकलताना प्रोपेलरला धरून ढकलू नका. पाहुणे नेमकं तेच करतात.

काढून ठेवायचा झाला तर भिंतीला उभा टेकवू नका. हबमधून आडवी दांडी घालून पाती आडवी राहतील असा टांगा, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापडाची पिशवी शिवून घ्या. माझी आईच्या जुन्या नऊवारीची आहे, आणि तिच्यावर मी वजनाची चिठ्ठी टाचून ठेवली आहे. दर महिन्याला प्रोपेलर काट्यावर ठेवतो. ऑगस्टमध्ये तो जानेवारीपेक्षा जड भरतो, आणि फरक ग्रॅममध्ये लिहून ठेवला की दिवाळीनंतर बोल्ट किती सैल सापडणार याचा अंदाज आधीच येतो.